मायची अर्धी ओळ

कमल आत्या जाऊन आता वर्ष होत आलं. तिच्या घरातल्या टेपच्या चकत्या माझ्याकडे आल्या आहेत, पण त्या वाजवायचं यंत्र माझ्याकडे नाही. पत्र्याच्या चपट्या डब्यांतून त्या कपाटाच्या खालच्या खणात ठेवल्या आहेत. डबा उघडला की जुन्या लोणच्यासारखा आंबूस वास येतो. मुलगा म्हणतो, पुण्याला एक जण आहे, तो हे सगळं फोनमध्ये घालून देतो. मी बरं म्हणते आणि देत नाही. एकदा ऐकलं की माझं आठवणं थांबेल, अशी भीती वाटते. त्याआधी जे माझ्या कानात आहे ते मला माझ्या गतीनं लिहून ठेवायचं आहे. आत्या असती तर तिनं हे कारण मान्य केलं असतं. जन्मभर तिनं याच गोष्टीचा अभ्यास केला.

आम्ही पूर्णेला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. माझे वडील, बापू, केबिनमध्ये कामाला होते. गाडी कोणत्या रुळावरून न्यायची ते ठरवणारे लोखंडी दांडे ओढायचे, हे त्यांचं काम. त्यामुळे त्यांचे खांदे आडवे झाले होते आणि बोलणं कमी. घरातलं बोलणं माय करायची. आमचं घर म्हणजे पुढं एक खोली, मागं चूल आणि न्हाणी, आणि त्यांच्यामध्ये मायचा आवाज. बाहेर दिवसभर शंटिंग चाले. इंजिनानं एका डब्याला धक्का दिला की तो धक्का पुढच्या डब्यांतून सरकत सरकत दूर जायचा, आणि शेवटचा आवाज नदीकडून यायचा. पाहुणे पहिल्या दिवशी दचकत. आम्हाला तो आवाज थांबला तरच काही तरी झालंय असं वाटे. सकाळी माय भाकरी थापायला बसे, तेव्हा तिच्या थापण्याला एक चाल असे. दोन हलक्या, एक जड, मग परातीचं गरगर फिरणं. करडईच्या तेलाची धार घातलेली शेंगदाण्याची चटणी, येसराची आमटी, अंबाडीची भाजी. संध्याकाळी बापू ड्यूटीवरून आले की चुरमुरे भिजवून केलेला सुशीला. हे सगळं ती बोलता बोलता करी, आणि बोलणं थांबवायची वेळ आली तर हात थांबत.

क्वार्टरांमध्ये मायची ख्याती वेगळ्याच गोष्टीसाठी होती. कुणाच्या घरी लग्न असलं की नव्या नवरीला उखाणा बांधून द्यायला तिला बोलवत. नवऱ्याचं नाव विचारून घ्यायची, क्षणभर चुलीकडं बघायची आणि ओळ सांगायची. शाळेत गेली नव्हती, पण यमक चुकलं तर तिचा चेहरा जेवणात खडा लागल्यासारखा होई. शेजारच्या रुक्मिणकाकूला तिनं बांधून दिलेला उखाणा सगळ्यांना पाठ होता:

‘ओट्यावर ठेवली ताकाची घागर, सोपानरावांच्या मळ्यात ऊस आन् गाजर.’

सोपानराव पॉइंट्समन होते. त्यांच्याकडे मळा सोडा, दारात तुळससुद्धा जगत नव्हती. रुक्मिणकाकू म्हणायची, “कौसल्ये, तुझ्या उखाण्यापायी माझ्या माहेरचे लोक गाजरं मागायलेत.”

माझ्याबाबतीत मायनं एक गोष्ट धरून ठेवली होती. पिंगळीहून बापूंचे मोठे भाऊ, थोरले काका, अधूनमधून येत, आणि येताना एखादं स्थळ घेऊन येत. माय चुलीपुढून, त्यांच्याकडं न बघता, बापूंना म्हणे, “बारावी होऊ द्या, मग बघू.” बापू तेच काकांना सांगत. काका चहा पिऊन परत जात. मी तेव्हा अकरावीत होते. माझं पुढचं सगळं आयुष्य मायच्या त्या एका वाक्यावर उभं होतं, आणि ते वाक्य कायम तिथंच राहणार असं मी धरून चालले होते.

कमल आत्या ही बापूंची धाकटी बहीण. घराण्यात शिकलेली पहिली बाई ती, आणि लग्न न केलेलीही पहिलीच. परभणीला कॉलेजात संगीत शिकवायची. लोकांना वाटे, ही गाते. ती गात नसे. निदान लोकांना अपेक्षित असलेलं तरी नाही. तिच्याकडे हैदराबादेहून आणलेला मोठ्या चकत्यांचा टेप होता. तो उचलायला दोन माणसं लागत. भजनाचा ठेका, बाजारातली हाळी, बायकांची गाणी, पूर्णेच्या यार्डातला तो डब्यांचा धडाडा, असलं सगळं ती त्यावर भरून आणी. मग दाढीच्या ब्लेडनं फीत कापायची, चिकटपट्टीनं जोडायची. तिच्या खोलीत खुर्चीच्या पाठीवर, खिळ्यावर, आरशावर फितीचे तुकडे लोंबत असत आणि प्रत्येकावर पेन्सिलीनं खूण केलेली असे. मी एकदा विचारलं, यातून तू काय करतेस? ती म्हणाली, “एक ठेका वाजवायचा आणि मध्येच थांबवायचा. माणसाची बोटं थांबत नाहीत, बघितलंस कधी? बाहेरचा आवाज संपला तरी आत काही तरी चालूच राहतं. मला त्याची रचना करायची आहे.”

हे तिनं एकदा कॉलेजच्या सभागृहात करून दाखवलं होतं. ठेका सुरू झाला, लोक डोलायला लागले, आणि आवाज बंद झाला. बराच वेळ काही नाही. मग पाठीमागून कुणी तरी म्हणालं, “लाइट गेली का काय?” पंखे तर फिरत होते. आत्या व्यासपीठाच्या कडेला उभी राहून लोकांच्या पायांकडे बघत होती. ते अजून हलत होते. तिच्या दृष्टीनं कार्यक्रम उत्तम झाला.

कृषी विद्यापीठात तेव्हा नुकताच कॉम्प्युटर आला होता. थंड खोलीत होता तो, आणि आत जाताना चपला बाहेर काढाव्या लागत. आत्यानं कुणाकुणाच्या ओळखीनं तिथं थोडा वेळ मिळवला. स्वरांना आकडे देऊन ती ते यंत्रात भरायची, आणि लांबच लांब कागदावर आकड्यांच्या रांगा छापून यायच्या. कुठला स्वर आल्यावर माणूस पुढं कशाची वाट बघतो, याचा तो हिशोब होता. तिथला माणूस ज्वारी-कापसाच्या उत्पन्नाचे आकडे बघायला सरावलेला. त्यानं विचारलं, “मॅडम, हे कोणत्या पिकाचं?” आत्या म्हणाली, “यमनचं.” त्यानं तसं लिहून घेतलं.

मायच्या अंगावरून वारं गेलं ते दिवाळी होऊन गेल्यानंतर. सकाळी ती परातीपुढं बसली होती. मी मागं वेणी घालत होते. थापण्याचा आवाज थांबला म्हणून वळले. तिचा उजवा हात पिठात पडलेला होता आणि ती त्याच्याकडे दुसऱ्या कुणाचा असावा तसं बघत होती. तोंड एका बाजूला ओढलेलं. बोलायला गेली तर नुसता घोगरा आवाज आला.

परभणीच्या दवाखान्यात ती बरेच दिवस होती. पाय हळूहळू चालायला लागला, हात तसाच राहिला. बोलणं गेलं. सोडायच्या दिवशी डॉक्टरांनी तिला आत तपासलं. मला आणि बापूंना बाहेर थांबायला सांगितलं. नंतर बापूंना बोलावून ते म्हणाले, बोलणं तर गेलंच आहे, पण समजही फारशी राहिलेली दिसत नाही. हात वर करा म्हटलं तर करते. पण साधं नवऱ्याचं नाव विचारलं, तर नुसती भिंतीकडं बघते. प्रयत्नसुद्धा करत नाही. डॉक्टर चांगले होते. त्यांनी हे हळू आवाजात सांगितलं. बापू खाली बघून ऐकत राहिले. येताना गाडीत माय खिडकीपाशी बसली होती, आणि पिंगळी स्टेशन आल्यावर तिनं डाव्या हातानं पदर डोक्यावर घेतला. सासरचं गाव. मी ते पाहिलं, पण त्यावरून काही ताडण्याइतकी मी तेव्हा शहाणी नव्हते.

त्या आठवड्यात थोरले काका आले. दुष्ट माणूस नव्हते ते. मायच्या आजारात पिंगळीहून दूध, ज्वारी, सरपण सगळं त्यांनीच पाठवलं. बाजेवर माय बसलेली होती, आणि तिच्यासमोरच ते बापूंना म्हणाले, “दत्तू, आता हिचं काई खरं न्हाई. समज गेली म्हणून डॉक्टरच म्हणायलेत. हिला पिंगळीला न्यावं, तिथं चार बाया हायेत बघायला. आन् पोरीचं याच सालात उरकून टाकू. आई अशी झाली म्हणून गावोगाव कळलं, की स्थळं येनार न्हाईत. जिंतूरकडचं एक हाय, मानसं बरी हायेत.”

बापू म्हणाले, “बारावीचं चाललं व्हतं.”

“चाललं व्हतं कुनाचं? हिचं. ती सांगायची तवर ठीक हाय. आता सांगायला कोन हाय?”

मायनं बाजेच्या दोरीला बोट अडकवलं होतं. ते बोट पांढरं पडेपर्यंत तिनं दोरी ओढून धरली होती. मला दिसत होतं. पण बोट पांढरं पडलं याला समज म्हणायचं की आणखी काही, हे कुणाला पटवून देणार होते मी?

त्या दिवसांत नामांतराच्या आंदोलनानं आत्याचं कॉलेज बंद होतं. गाड्या कधी धावत, कधी अडवल्या जात. स्टेशनच्या भिंतीवर एक नाव लिहिलं जाई, कुणी ते पुसून टाकी, परत लिहिलं जाई. त्या नावापायी आमच्या भागातल्या कित्येक वस्त्यांनी आपली घरं जळताना पाहिली होती. आमच्यासारख्या शेतकरी घरांत मात्र त्याबद्दल दबक्या आवाजात बोलत, किंवा बोलतच नसत. मलाही तेव्हा ते पुरतं कळत नव्हतं. एखादं नाव उच्चारणं किंवा न उच्चारणं यात माणसाचं किती काय गुंतलेलं असतं, ते मला आधी आमच्या घरात कळलं. बाहेरचं कळायला आणखी वर्षं गेली.

मिळाली त्या गाडीनं आत्या आली. मागं दोन हमालांनी धरून आणलेला टेप. दारातूनच तिनं मायला विचारलं, “वहिनी, मला चहा?” आणि मायनं डाव्या हातानं माझ्याकडं बोट केलं. आत्या बापूंना म्हणाली, “दत्तूदादा, समज गेली म्हणून कोण म्हणालं तुला?”

ती काय करणार होती ते तिनं बापूंना दुपारी समजावून सांगितलं. बोलणं डोक्याच्या एका बाजूनं येतं. तिथं इजा झाली आहे. पण चाल, ठेका, सूर यांचा बराचसा कारभार दुसऱ्या बाजूला असतो, आणि ती बाजू शाबूत आहे. तिनं हे हैदराबादच्या ग्रंथालयात कुठल्याशा नियतकालिकात वाचलं होतं. बोलता न येणारी माणसं कधी कधी शब्दांसकट गातात. बापूंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हंजी मेन लाइन बंद हाय, बाजूच्या लूपवरून गाडी घ्यायची.”

“अगदी तेच.”

“लूपवरून गाडी हळू जाती.”

“जाऊ दे हळू.”

आत्या मायच्या डाव्या हाताचा तळवा आपल्या हातात घ्यायची आणि त्यावर बोटांनी ठेका धरायची. आधी नुसतं गुणगुणणं, शब्द नाहीत. मग दोन सुरांवर ‘पा-णी’. मग ‘पाणी दे’. पहिल्या दिवसांत मायच्या तोंडून सूर यायचा, पण शब्द चुकीचा यायचा. पाणी म्हणताना ‘राणी’, कधी नुसतं ‘आ’. ती चिडून हात काढून घेई. मला बघवत नसे. आत्या मात्र चिडत नसे, दमत नसे. ती म्हणायची, सूर बरोबर आला, म्हणजे अर्धी ओळ आली.

मग तिला रुक्मिणकाकूच्या मुलीच्या लग्नातला टेप आठवला. आदल्या वर्षी तिनं त्या लग्नातले सगळे उखाणे भरून घेतले होते, आणि त्यांतले बहुतेक मायनंच बांधून दिलेले. आत्यानं ब्लेड काढलं. प्रत्येक उखाण्यातून नवऱ्याचं नाव तेवढं कापलं आणि त्या जागी नावाइतक्याच लांबीची कोरी फीत जोडली. मला खुर्चीवर बसवून तिनं तुकडे माझ्या हातात दिले होते. सोपानराव, माणिकराव, ग्यानबा असे सगळे जण माझ्या बोटांतून लोंबत होते.

टेप लावला. रुक्मिणकाकूचा आवाज आला: ओट्यावर ठेवली ताकाची घागर. आणि पुढं शांतता. त्या शांततेत मायनं, स्वच्छ, म्हटलं, “सोपानरावांच्या.” आणि काकूच्या आवाजाबरोबर पुढचा ऊस आणि गाजर दोन्ही म्हटले.

मी चुलीकडं पळाले, कारण मला रडू आलं होतं. रुक्मिणकाकूला बोलावून आणलं. तिच्यासमोर मायनं परत म्हटलं. काकू डोळे पुसत म्हणाली, “बोलली ते बोलली, आन् पहिलं माझ्याच नवऱ्याचं नाव घेतलं की हो. आता मी काय समजायचं?”

हप्ताभरात मायनं क्वार्टरांतल्या सगळ्या नवऱ्यांची नावं घेतली. बापू ड्यूटीवरून येऊन दारात बूट काढत ऐकत बसायचे. एकदा म्हणाले, “माझं सोडून समद्यांचे नवरे पाठ हायेत हिला.” हसत म्हणाले, पण त्या टेपवर मायचा स्वतःचा उखाणाही होता. त्या लग्नातला तिचा आवाज, ठसठशीत: ‘करडईच्या रानात पिवळं पिवळं फूल.’ मग कोरी फीत. मग ‘च्या नावानं उजळलं माझं कूळ.’ त्या कोऱ्या जागी माय येऊन थांबायची. तोंड मिटायची, पदर सारखा करायची आणि भिंतीकडं बघायची. आत्यानं पुन्हा पुन्हा लावून बघितलं. तळव्यावर ठेका धरला. बापूंना समोर आणून बसवलं, म्हणजे चेहरा बघून तरी नाव येईल. काही नाही. शेवटी आत्या माझ्याशी, मायला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाली, “डॉक्टर म्हणाले त्यात थोडं तथ्य असेल. कधी कधी अगदी जवळचंच पुसलं जातं.” बापूंनी ते ऐकलं होतं. ते उठून बाहेर गेले आणि रिकाम्या रुळांकडे बघत उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी मी रेशनला उभी होते. माझ्यापुढं एक बाई, तिच्या कडेला पाच-सहा वर्षांची पोर. दुकानदारानं विचारलं, “कार्ड कुनाच्या नावावर?” बाईनं पोरीला कोपरानं ढोसलं. पोर म्हणाली, “नामदेव रामजी.” दुकानदारानं लिहून घेतलं. इतकं साधं. माय मला लहानपणापासून याच रांगेत, दवाखान्यात, शाळेच्या ऑफिसात बरोबर न्यायची, आणि बापूंचं नाव सांगायची वेळ आली की माझ्या पाठीत असंच कोपर लागायचं. उखाण्याबाहेर तिनं माझ्यासमोर ते नाव कधी घेतलेलं नव्हतं. उखाण्यातसुद्धा ती ते आपणहून घेत नसे. बायकांनी दार अडवायचं, तिनं नको म्हणायचं, त्यांनी परत आग्रह करायचा, तेव्हा. आणि डॉक्टरांनी नाव विचारलं तेव्हा मी खोलीबाहेर उभी होते.

साखर न घेता मी घरी आले. आत्याला सांगितलं.  ती कपाळाला हात लावून हसायला लागली. “माझ्यासारख्या बिनलग्नाच्या बाईचं दार कधी कुणी अडवलं नाही गं. आणि मी दत्तूदादाला तिच्या पुढ्यात आणून बसवलं. नवरा समोर बसलेला, आग्रहाला कुणी नाही, आणि म्हणते, घ्या नाव.” तिनं टेपचं बटण बंद केलं. “तिची समज गेली नाही, विमल. समज आहे म्हणून ती गप्प आहे.”

संक्रांतीला मायनं हळदीकुंकू करायचं असं आत्यानं ठरवलं. त्याच दिवशी थोरले काका आले. पिशवीतून तीळ, गूळ, बोरं काढली, आणि बापूंना सांगितलं की जिंतूरकरांना उद्याचा निरोप दिलाय, पोरीला बघायला येतील. बापूंनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. दोघं दारासमोर बाजेवर बसले. आत दुपारभर बायका येत होत्या. मी वाण देत होते.

बायका जायला निघाल्या, तशी माय भिंत धरत धरत त्यांना पोचवायला दारापर्यंत आली. रुक्मिणकाकूनं उंबऱ्यात उभं राहून हात आडवा लावला. “नाव घेतल्याबिगर कुनी हलनार न्हाई.”

मायनं मान हलवली. नको.

“नको कसं? आमच्या नवऱ्यांची घ्यायला लाज वाटली न्हाई ती? घे.”

माय हसली. अर्ध्या चेहऱ्यानं, पण मी ओळखते ते हसू. तिनं पुन्हा मान हलवली. आत्या कोपऱ्यात उभी होती. तिनं पुढं येऊन मायचा हात धरला नाही. टेप बंद होता. बायकांनी परत म्हटलं, घे, घे. मायनं डाव्या हातानं स्वतःच्या मांडीवर ठेका धरला. पहिली ओळ सावकाश आली:

“करडईच्या रानात… पिवळं पिवळं फूल…”

ती थांबली. कुणी हललं नाही. मांडीवरचा हात चालू होता. ती चुलीकडं बघत होती. नवरीला ओळ बांधून देताना बघायची तसं.

“दत्तरावांना सांगते… लेकीचं… सुटू नये… इस्कूल.”

बाहेर बाज करकरली. आत रुक्मिणकाकू म्हणाली, “अगं बाई, नाव घे म्हनलं तर हिनं अर्जच दिला की.” सगळ्या हसल्या. मायला घाम फुटला होता. आत्यानं तिला आतल्या बाजेवर आणून बसवलं.

बायका गेल्यावर थोरले काका दारात आले. “लय आनंदाची गोष्ट हाय,” ते म्हणाले, आणि खरंच म्हणाले. “पन कमे, पाठ हाय ते तिला. टेपात भरलेलं वाजतं, तसं.”

“दादा, टेपात ‘कूळ’ आहे. आज ‘इस्कूल’ कुठून आलं?”

“शिकवलं आसंल कुनी. पोरगी दिवसभर जवळच असती की.”

मी मान खाली घातली. शिकवलं नव्हतं; पण मला ते सिद्ध करता येणार नव्हतं. आत्यालाही. तिच्या सगळ्या आकड्यांत, कागदांत, कापलेल्या फितींत, समोरच्या माणसाच्या आत काय चाललंय याचा पुरावा नव्हता. आज मला वाटतं, तिच्या सगळ्या कामाची खरी अडचण तीच होती, आणि ती ते जाणून होती.

बापू आत आले. मायपाशी बाजेच्या कडेला टेकले. त्यांनी तिचा डावा हात हातात घेतला आणि आत्या करायची तसं तळव्यावर बोटानं ठोकायला लागले. त्यांना ताल कशाशी खातात ते माहीत नव्हतं. एक ठोका लवकर, एक उशिरा.

“उद्या पाव्हने येऊ देऊ का?”

मायनं हात काढून घेतला. त्यांचा ठेका तिला सहन झाला नाही. स्वतःच्या गुडघ्यावर दोनदा हात आपटून ती म्हणाली, “न्हाई.”

केबिनमध्ये निरोप आला की तो उलट विचारून पक्का केल्याशिवाय बापू दांडा ओढत नसत. त्यांनी विचारलं, “मग त्यांला नको म्हनून कळवू?”

यावेळी तिनं हातही हलवला नाही. सूर नव्हता, ठेका नव्हता. बराच वेळ ओठ जुळवत राहिली. बापू थांबले. एवढा वेळ कुणाच्या उत्तराची वाट बघताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

“कळवा,” माय म्हणाली.

बापू उठले. काकांना म्हणाले, “दादा, ती नको म्हनती.”

काकांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. “मग सकाळी मलाच जावं लागंल निरोप घेऊन,” एवढंच म्हणाले. रिकामी पिशवी घडी करून खिशात घातली, गाडीची वेळ विचारली आणि निघाले.

भासऱ्यानं, म्हणजे थोरल्या दिरानं, धाकट्या भावजयीशी थेट बोलायचं नसतं, ही आमच्याकडची रीत. पूर्वी काका जाताना मायला ऐकू जाईल असं, पण दुसऱ्या कुणाला तरी सांगून निरोप घेत, आणि ती पलीकडून पदर सावरत ऐके. वारं गेल्यापासून त्यांनी ते बंद केलं होतं. तिच्यासमोर बसून तिच्याबद्दल बोलायचे, आणि उठून जायचे.

उंबऱ्यावर ते थांबले. मायकडं पाठ करून, माझ्याकडं बघत म्हणाले, “विमल, तुझ्या मायला सांग, येतो म्हनावं.”

मायनं डाव्या हातानं पदर डोक्यावर ओढून घेतला. तिनं ऐकलेलं होतं. तरी मी वळले आणि तिला सांगितलं, “माय, काका येतो म्हणायलेत.”